रणकेतूचा शेवट

पुणे, १२ जानेवारी २०२५

शंभूदादा,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं, म्हणून खोडलं. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, मी ओरडते, ऑफिसातले लोक माना वळवून बघतात, आणि शेवटी तू "बरं बरं, ठेव" म्हणून ठेवून देतोस. वहिनीच्या मोबाईलवर लिहावं तर तुझ्याआधी सगळं घर वाचतं. तेव्हा म्हटलं, आपलं जुनंच बरं. तू होस्टेलवरून कार्डं टाकायचास तसं.

काम आहे तुझ्याकडे, आणि हसू नकोस.

आमच्या कंपनीत मोबाईलवरचा एक नवा गेम चाललाय. नायकाचं नाव सूर्यांक. आमचे राजशेखर सर परवा म्हणाले, "गेममधला कुठलाही नायक घ्या आणि जरा खरवडून बघा, आत टीव्हीवरचा जुना नायक निघतो." आणि खरंच की रे! तीच धुळीतून एन्ट्री, तोच वाऱ्यावर उडणारा शेला, मारायच्या आधी तेच एक ठरलेलं वाक्य. एकट्याभोवती दहा जण, पण ते दहाही शिस्तीत एकेक करून मार खायला येणार! सर म्हणाले, हे गेम बनवणारे सगळे लहानपणी टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली पोरंच आहेत, दुसरं काय होणार? तर प्रत्येकानं आपापला नायक घेऊन या.

मी रणकेतू नेला. नाव काढल्याबरोबर माझ्या वयाचे सगळे ओरडले. त्यांना घोडा आठवत होता, दोन्ही हातांतल्या तलवारी आठवत होत्या. मी म्हटलं, तेवढंच? पडलेल्या माणसावर रणकेतू कधी वार करायचा नाही, त्याला उठवून पाणी पाजायचा, ते? ज्या घरी पाणी मागितलं त्या घरचं मोडकं काहीतरी नीट करून दिल्याशिवाय निघायचा नाही, ते? सर म्हणाले, "हे आम्हाला कसं आठवत नाही?" मी म्हटलं, तुमच्याकडे लाईट होती, तुम्ही जेवता जेवता बघितलंत. आम्ही बेंबळीला महालिंगप्पांच्या दुकानात अर्धं बघायचो, मग हटकून लाईट जायची, आणि उरलेलं कळायला पुढचा शनिवार उजाडायचा. शनिवारी उस्मानाबादच्या एसटीनं दादा होस्टेलवरून यायचा आणि फाट्यापासून घरापर्यंत आम्ही पोरं त्याला चिकटून ऐकत यायचो. म्हणून आमच्या लक्षात राहिलं.

सूर्यांक आता रणकेतूसारखा करायचा ठरलंय. दादा, जेवढं आठवेल तेवढं लिही. आणि मुख्य म्हणजे शेवट. मालिका संपली तेव्हा रणकेतूचं काय झालं, ते तू आम्हाला कधी सांगितलंच नाहीस.

तुझी,
सोनाली


बेंबळी, २१ जानेवारी

सोने,

तुझं पत्र पोस्टमननं चारचौघांत हातात दिलं. शिवकन्येला वाटलं कोर्टाची नोटीस आली. तिला म्हटलं, बँकेचं हाय. पन्नाशीला टेकलेला नवरा रणकेतूच्या गोष्टी लिहीत बसलाय हे तिला कळलं तर जेवताना रोज टोमणे. तेवढं पोटात ठेव.

आता तुझ्या गेमचं. पोरं खेळतेत ते बघितलंय की म्या. तुझं म्हणणं खरं हाय, गडी जुनाच, कपडे नवे. पण एक फरक हाय बघ. आमचा गडी रविवारी कड्याला लटकला की आठवडाभर तिथंच लटकलेला असायचा. रानात खुरपताना बी आमच्या जिवाला घोर, की हात सुटला का काय. तुमचा गडी मरतो, बटण दाबलं की उठून कपडे झटकतो. त्याची कुणाला फिकीर असणार? नायकाला मरायची भीती पाहिजे, न्हायतर तो कसला शूर.

मला काय आठवत न्हाय असं लिहिणार हुतो. पण तुझं पत्र आल्यापासनं आठवायलाच लागलंय, काय करू. ते चुनखडीच्या खाणीवरचं लिहून घे. भैरवसिंगाची अन् त्याची झुंज लागली. लई वेळ तलवारी वाजल्या. मग भैरवसिंग पडला अन् सगळं शांत झालं. रणकेतूनं तलवार मागं खोचली, कमरेचा चंबू सोडला, त्याची मान मांडीवर घेतली अन् पाणी पाजलं. म्हणाला, "ऊठ, तुझी माय वाट बघत असंल." भैरवसिंग रडला. हे सांगितलं तवा महालिंगप्पाचा शिवानंद बी रडला हुता, त्याला इचार.

अन् तो घोड्याची माफी मागायचा. लई दौडवलं की उतरून त्याच्या कपाळाला कपाळ लावायचा. ते घालता येतंय का बघ.

शेवट मला ठाऊक न्हाय. बाबा त्याच साली थंडीत गेले, म्या होस्टेल सोडून घरी आलो. त्याच्यानंतरचं कुणी बघितलंय?

शंभू


पुणे, २ फेब्रुवारी

दादा,

घोड्याच्या कपाळावर आमच्या टीममधली दोन पोरं आठवडाभर बसलीत. सर आल्या-गेल्याला दाखवतात, "हे बघा, हे सोनालीच्या भावानं आठवून दिलं." तुझं ते मरायच्या भीतीचं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलंय. मला म्हणाले, असं बोलणारा माणूस शेती करतो? मी म्हटलं, हंगामात मळणीयंत्रही चालवतो, म्हणून तर कान गेलेत. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

गेम असा झालाय. लढाई जिंकली की समोरचा पडतो. तिथे खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही. तो पडलेल्याला मारू शकतो, किंवा वाकून पाणी पाजू शकतो. ज्यांना ज्यांना पाणी पाजलं ते पुढे कुठेतरी भेटतात. कुणी वाट दाखवतं, कुणी नुसतं हात करतं. सर म्हणाले, गेममध्ये मारायला सगळेच शिकवतात, हे वेगळं आहे.

आता शेवट अडलाय. दादा, तुला ठाऊक नसेल, पण तेव्हा तू मनात काही तरी धरलं असशीलच की. इतकी वर्षं कुणी रणकेतूला कड्यावर सोडून देतं का? आणि ती नदीवरची बहीण, जिला सोडून तो निघतो, तिचं पुढे काय? मी त्या बहिणीसाठी दर शनिवारी भांडायचे तुझ्याशी.

अजून एक. गेम सुरू होताना नावं येतात. त्यात लिहायचं ठरलंय, 'रणकेतूच्या आठवणी : शंभू, बेंबळी'. सरांनी स्वतः सुचवलं. बारावीला तू निबंधात पहिला आला होतास ते मी विसरलेले नाही. बाबा गेले नसते तर तू आज कुठल्या कुठे असतास. मी तुझ्या जिवावर शिकले आणि तुझं नाव कधी कुठे आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हे करू दे. नाही म्हणू नकोस.

सोनाली


बेंबळी, १२ फेब्रुवारी

सोने,

जिवावर-बिवावर काय लिहितीस. बाबा गेले, तू नऊ वर्षांची, रान उघडं पडलेलं. कुणीतरी घरी यायलाच पाहिजे हुतं. त्याचा हिशेब मांडू नकोस.

पण नावाचं वाचलं अन् खोटं कशाला सांगू, पत्र घेऊन गोठ्यात गेलो. 'शंभू, बेंबळी.' तीनदा वाचलं. हे बी शिवकन्येला सांगितलं न्हाय. झाल्यावर एकदम दाखवीन.

एक सांगतो. मागच्या पावसाळ्यात लिंबाजीचं अन् माझं बांधावरनं वाजलं. त्यानं चारचौघांत माझ्या बापाचा उद्धार केला. नंतर तोच सोलापूरला दवाखान्यात पडला, कावीळ. त्याचा ऊस वाळायला लागला. गावातले म्हणाले, शंभू, आता आयता सापडलाय, बांध सरळ करून घे. म्या रात्रपाळीची लाईट धरून त्याच्या उसाला पाणी दिलं. लोक म्हणाले, खुळा हाय. माझ्या मनात काय हुतं सांगू? हसशील. मनात आलं, गडी पडलेला हाय, अन् रणकेतू पडलेल्यावर वार करत न्हाय. या वयात! कुणाला सांगायची सोय हाय का?

तवा त्याला येरागबाळा समजू नका तुमी. नीट करा त्याला.

शेवटाचं मला येळ दे. घाई केली की बिघडतं.

शंभू


बेंबळी, ७ मार्च

सोने,

हरभरा निघाला, आज सवड झाली. लिहितो. चार दिवस डोक्यात हेच चाललंय, यंत्राला पेंढी लावताना बी. टीव्हीवर काय दाखवलं मला ठाऊक न्हाय, तू मनातलं मागितलंस म्हणून मनातलं देतो.

रणकेतू सगळ्या लढाया करून नदीवर येतो. घर हाय, बहीण न्हाय. ती मोठी झाली, मोठ्या गावाला गेली. चुलीत राख सुद्धा न्हाय. तो म्हणतो, जरा बसू, येईल. संध्याकाळ हुती, ती येत न्हाय. सकाळी बघतो तर परसात वांग्याची झाडं सुकलेली. त्यांना पाणी घालतो. मग दाराची कडी नीट करतो. मग परसाला काट्याची वई लावतो. असं करत करत त्याच्या ध्यानातच येत न्हाय, की त्यानं तलवार खाली ठेवून लई दिवस झाले.

लोक येतेत. कुणी म्हणतं, रणकेतू इथं राहतो म्हणं, त्याच्याशी झुंज घ्यायची हाय. तो म्हणतो, असंल कुठंतरी, पाणी प्या. ते पाणी पितेत अन् जातेत. त्याला कुणी ओळखत न्हाय. अन् त्याला वाईट वाटत न्हाय, असं म्हणता येत न्हाय. वाटतं. घोड्याचा आवाज आला की तो दारात येतो. पण तो निघत न्हाय, कारण बहीण आली अन् घरात कुणी नसलं तर?

तुझ्या गेममधी असं कर. शेवटी खेळणाऱ्याच्या हातात तलवार द्यायचीच न्हाय. एक वाटसरू दारात येतो. त्याला पाणी द्यायचं, बास. तेवढंच बटण. ज्याला हे कळंल त्याला कळंल.

बहीण परत आली का न्हाय ते म्या ठरवलं न्हाय. ते तुझ्यावर सोडतो.

लिहून झालं अन् मला लई हलकं वाटलं बघ. उद्या पोस्टात टाकतो.

दादा


पुणे, ८ मार्च

दादा,

तुझं शेवटाचं पत्र अजून आलेलं नाही. आता नाही आलं तरी चालेल.

आमच्याकडे आरोही म्हणून चोवीस वर्षांची मुलगी आहे. तिनं शोधून शोधून 'रणकेतू'चे जुने भाग मिळवले. कुणीतरी कॅसेटवर उतरवून ठेवले होते, सगळेच्या सगळे. गेले दोन दिवस मोठ्या खोलीत पडदा लावून सगळ्यांनी बघितले. मी पुढच्या रांगेत बसले होते, दादा. सगळ्यांना म्हणत होते, थांबा, आता बघा, आता तो पाणी पाजेल.

चुनखडीची खाण आली. भैरवसिंग पडला. त्यानं हात जोडले. रणकेतूनं त्याच्या छातीवर पाय दिला, हसला, आणि तलवार आरपार घातली. पाठीमागे बासरी वाजत होती. पुढच्या भागातही तेच. त्याच्या पुढच्याही. कुठे पाणी नाही, घोड्याला चाबूक, आणि बहीण तर सगळ्या मालिकेतच नाही. एक दाढीवाला माणूस भागामागून भाग, अगदी शेवटच्या भागापर्यंत, पडलेल्यांना मारत सुटलाय, बस्स.

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमच्या गावाकडे वेगळं चॅनल लागायचं का?" सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

का असं केलंस? लहान पोरांना बनवलंस ते सोड, पण जानेवारीत मी विचारलं तेव्हा तरी सांगायचंस ना, सोने, हे माझ्या मनचं आहे. तू खाणीची झुंज बारीक बारीक लिहून पाठवलीस. मी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या भावानं बघितलंय.

मी सरांना सांगितलं, काढून टाका. पाणी, घोडा, नदी, सगळं. मालिकेत आहे तसंच करा. सर म्हणाले, "नक्की? चांगलं आहे की ते." मी म्हटलं, खोटं आहे ते. काल संध्याकाळीच काढलं.

सोनाली


बेंबळी, १४ मार्च

सोने,

तू लिहिलंस ते वाचलं. दोन घास गेले न्हाईत.

म्या खोटं सांगितलं न्हाय. आईशप्पथ न्हाय. आमच्या होस्टेलला टीव्ही नव्हता. रेक्टरच्या क्वार्टरमधी हुता, पण पोरं गर्दी करतेत म्हणून रेक्टरची बायको रविवारी दार लावून घ्यायची. क्वार्टरच्या मागं धुण्याचा दगड हुता, सकाळच्या एसटीनं गावाकडनं परतलो की तिथं मी बसायचो. आतलं समदं ऐकू यायचं. घोड्याच्या टापा, तलवारी, बोलणं. तवा कान तिखट हुते माझे. जे ऐकलं ते डोळ्यापुढं यायचं, अन् जे डोळ्यापुढं आलं ते तुमाला सांगायचो.

तलवारी थांबल्या की सगळं शांत व्हायचं अन् बासरी वाजायची. सोने, तूच सांग, झुंज थांबल्यावर बासरी वाजली तर माणसाला काय वाटंल? मला वाटायचं, आता त्यानं हात पुढं केला. आता पाणी पाजतोय. एवढ्या गोड बासरीवर कुणी कुणाचा गळा कापत असंल हे माझ्या सपनात बी आलं न्हाय. "ऊठ, तुझी माय वाट बघत असंल" हे वाक्य बी म्या कानानं ऐकलंय, कुणाच्या तोंडचं हुतं कुणास ठाऊक. मी तर तीस वर्षं त्याला चांगला माणूस समजत आलो. तो तसा नव्हता हे मला तुझ्या पत्रातनं कळलं. तुला शरम वाटली, पण माझं तर माणूसच गेलं.

बहीण तेवढी माझी. ती म्या घातली. कारण तू दर शनिवारी इचारायचीस, दादा, त्याला घरी कुणीच न्हाय का?

माझं सात तारखेचं पत्र मिळालं असंल. ते फाडून टाक.

शंभू


पुणे, २३ मार्च

दादा,

दोन्ही पत्रं मिळाली. आधी नदीवरच्या घराचं, मग हे. फाडलं नाही आणि फाडणारही नाही.

वांग्याच्या झाडांपाशी आले आणि पुढचं वाचताच येईना. वरच्या ओळी परत परत वाचत राहिले. तू लिहिलंस, बहीण परत आली की नाही ते तुझ्यावर सोडतो. मी किती वेळा आले रे दादा? बाबांच्या श्राद्धाला आणि दिवाळीला, तेही रविवार धरून. मला रडू आवरेना. चुकले मी. लाज वाटली म्हणून चिडले, आणि चिडले म्हणून तुला विचारलंही नाही. वहिनीला एक फोन करून "दादाला विचार" म्हटलं असतं, तर तूच सांगितलं असतंस धुण्याच्या दगडाचं. मी तेवढंही केलं नाही. सगळ्यांसमोर तुला खोटं ठरवलं.

तुझं सातचं पत्र घेऊन सरांकडे पळत गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. म्हणाले, "मालिकेत नव्हतं तर काय झालं? हे तर आपलंच होतं. मी तुला विचारलं होतं ना, नक्की का?" पण पाण्याचं आणि घोड्याचं काम करणारी मुलं त्यांनी दुसरीकडे दिली आहेत, मारण्याची दृश्यं पुरी झाली आहेत, आणि जूनमध्ये गेम आणायचा शब्द वर दिला गेलाय. आता होत नाही म्हणाले. मी खूप भांडले. नाहीच झालं.

दादा, दोन ओळी तरी लिही. शिव्या दे, पण लिही.

सोनी


पुणे, १५ जून

दादा,

तीन महिने झाले, तुझं पत्र नाही. वहिनी म्हणते, बरा आहे, कामात आहे. मी मे महिन्यात यायचं म्हणत होते, पण गेमच्या गडबडीत सुट्टीच मिळाली नाही. हे लिहितानाही मला शरमल्यासारखं होतंय.

गेम काल आला. लोक खेळतायत, खूप खेळतायत. सगळे लिहितात, अरे हा तर आपल्या लहानपणीचा रणकेतू! ज्यांनी बघितलेला त्यांना तो ओळखू येतो, तसाच हसतो, तसाच पाय देतो. मी खेळले नाही. मला बघवत नाही.

तुझं नाव मात्र आहे. ऑफिसातले काही जण यादीतून ते काढा म्हणाले, तर मी राजीनामा देईन म्हटलं. 'रणकेतूच्या आठवणी : शंभू, बेंबळी'. आहे तिथंच आहे.

आणि आता ऐक. सर कबूल झालेत. दिवाळीला गेममध्ये बदल करून परत पाठवायचा आहे, त्यात तुझा शेवट घालायचा. नदी, घर, वाटसरू, पाणी. पडलेल्याला उठवणंही परत आणू, घोडासुद्धा. ज्यांनी ज्यांनी गेम घेतलाय त्यांच्या मोबाईलवर तो आपोआप बदलेल. सर म्हणाले, मात्र भावाची परवानगी आण, हे त्यांचं आहे. दादा, एवढं एक नीट करू दे मला. फक्त 'हो' लिही.

तुझी,
सोनी


बेंबळी, २९ जून

सोने,

राग न्हाय. राग असता तर पहिल्याच दिवशी लिहिला असता. काय लिहावं ते सुधरत नव्हतं.

तू राजीनामा देते म्हणालीस ते वाचून वाईट वाटलं. नावापायी असं करू नकोस. पण त्या नावाचंच सांगायचं हाय.

तुझं पत्र यायच्या आधीच शिवानंदाच्या पोरीनं मोबाईलवर माझं नाव बघितलं अन् गावभर केलं. शिवानंदानं दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर गेम लावला. मला बोलवायला माणूस पाठवला. महालिंगप्पा आता लई थकलेत, तरी खुर्ची टाकून बसले हुते. शिवकन्या इरकल नेसून आली. लिंबाजी बी आला. नावं सुरू झाली अन् माझं नाव आलं तवा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू कमी येतं, पण तेवढं आलं. शिवकन्येनं माझ्याकडं असं बघितलं, तसं तिनं लग्नापासनं कवा बघितलं न्हवतं.

मग पडद्यावर तो आला. झुंज झाली. एक जण पडला, त्यानं हात जोडले. म्या मान खाली घातली, पण दुकान सगळं ओरडायला लागलं म्हणून बघावंच लागलं. शिवानंद माझ्या कानाशी येऊन ओरडला, "शंभूअण्णा, तुमचा गडी लई भारी मारतोय की!"

म्या म्हटलं, "व्हय."

तिथं उत्तरेश्वर हुता. तुझ्याच वर्गातला, एसटीत कंडक्टर हाय आता. तुझ्याबरोबर तो बी फाट्यापासनं माझ्या मागं मागं यायचा. तो उठून जवळ आला. म्हणाला, "शंभूदादा, पण तुमी तर सांगायचात, तो पडलेल्याला पाणी पाजायचा. म्या माझ्या पोरांना तसंच सांगितलंय."

सगळे माझ्याकडं बघत हुते. शिवकन्या बघत हुती. माझं नाव पडद्यावरनं नुकतंच गेलेलं.

म्या म्हटलं, "तुला नीट आठवत न्हाय, उत्तऱ्या. तो मारायचाच."

लई वाईट वाटलं, सोने. तोंडातनं गेलं ते गेलं. माझ्या पदरात काय ते एकदाच पडलं हुतं, अन् ते सोडवंना.

तवा दिवाळीला काय बी बदलू नकोस. आता तो पाणी पाजायला लागला तर माझंच तोंड खोटं पडंल, उत्तरेश्वरापुढं तर लईच. राहू दे हाय तसं. परवानगी न्हाय असं तुझ्या साहेबांना सांग.

उत्तरेश्वर "असंल," म्हणाला, अन् पुढचा खेळ न बघता घरी गेला.

तुझा,
दादा